उन्हाळ्यातला वर्ग कोणाच्या हाती?

अमेरिकेतल्या विद्यापीठांत मे महिन्यात पदवीदान समारंभ उरकतात आणि पुढचे तीन महिने त्याच इमारतींत निराळ्याच माणसांचे विद्यापीठ चालते. कायम प्राध्यापकांपैकी बहुतेकांचा करार नऊ महिन्यांचा असतो. उन्हाळ्यात शिकवायचे की नाही हे ते स्वतः ठरवतात, आणि शिकवले तर त्याचे पैसे वेगळे मिळतात. वर्ग मात्र भरतच राहतात. कॅल्क्युलस, संख्याशास्त्र, निबंधलेखन, अर्थशास्त्राची ओळख, स्पॅनिशचे पहिले वर्ष. या वर्गांत फळ्यापुढे उभे राहणारे पुष्कळदा स्वतःच विद्यार्थी असतात. पीएच.डी.च्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात असलेले, एरवी प्राध्यापकांच्या हाताखाली टीए, म्हणजे अध्यापन-साहाय्यक, म्हणून पेपर तपासणारे आणि उन्हाळ्यात पहिल्यांदाच अख्खा विषय एकट्याच्या जबाबदारीवर शिकवणारे.

ही कामे त्यांना द्यावीत का, कोणाला द्यावीत आणि कोणत्या अटींवर, हा प्रश्न वरवर कार्यालयीन वाटतो. प्रत्यक्षात त्यात एका तरुण संशोधकाचे तीन महिन्यांचे घरभाडे असते, त्याचा रखडलेला प्रबंध असतो, परदेशी असेल तर त्याचा व्हिसा असतो. आणि समोर बसलेल्या, फी भरलेल्या मुलाचे शिक्षण असते. मराठी वाचकालाही हा विषय परका राहिलेला नाही. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक पदव्युत्तर शिक्षण घेत होते. पुण्या-नागपुरातच नव्हे, तर सांगली, अकोला, जळगावच्या घरांतही आता ‘यंदा समरला फंडिंग आहे का’ हा प्रश्न व्हिडिओ कॉलवर विचारला जातो.

उन्हाळी सत्र ही अलीकडची सोय नाही. हार्वर्डने १८७१ मध्ये उन्हाळी वर्ग सुरू केले. १८९२ मध्ये शिकागो विद्यापीठाची दारे उघडली, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी वर्षाचे चार भाग केले आणि उन्हाळ्याला त्यांतला एक हक्काचा भाग दिला. बहुतेक विद्यापीठांनी मात्र उन्हाळा मुख्य वर्षाच्या बाहेरच ठेवला. आजच्या बऱ्याच अडचणींचे मूळ इथे आहे. उन्हाळ्यात मिळणारे क्रेडिट पूर्ण दर्जाचे असते, गुणपत्रिकेवर ते इतर क्रेडिटच्याच रांगेत बसते. पण ते ज्यांच्या श्रमातून मिळते त्यांच्या नेमणुका, पगार आणि देखरेख यांची व्यवस्था जोडकामासारखी असते.

या वर्गांत येणारी मुलेही हौसेने आलेली नसतात. कोणी वसंत सत्रात नापास झालेला असतो, कोणाला नोकरीमुळे वर्षभर कमी विषय घेता आलेले असतात, कोणाला एक सत्र आधी पदवी पुरी करून घरखर्चाला हात लावायचा असतो. गरीब विद्यार्थ्यांना मिळणारे पेल अनुदान उन्हाळ्यालाही वापरता यावे ही सोय २०११ मध्ये काढून घेण्यात आली होती. २०१७ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, आणि तेव्हापासून हातावर पोट असलेल्या घरांतल्या मुलांना उन्हाळी वर्ग परवडू लागले. नियमांचा विचार करताना हा विद्यार्थी सगळ्यांत आधी डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे, कारण नियम ठरवणाऱ्या बैठकीत त्याच्या वतीने बोलणारे सहसा कोणी नसते.

आता शिकवणाऱ्या विद्यार्थ्याची बाजू पाहू. टीएचे विद्यावेतन पुष्कळ ठिकाणी नऊ महिन्यांचे असते, भाडेकरार बारा महिन्यांचा. विज्ञान-अभियांत्रिकीत हा खड्डा बुजवायला संशोधन-अनुदान असते. नॅशनल सायन्स फाउंडेशन प्राध्यापकाला सर्वसाधारणपणे वर्षाला दोन महिन्यांपर्यंतचा पगार प्रकल्पातून घेऊ देते आणि त्याच प्रकल्पातून विद्यार्थ्यालाही उन्हाळाभर पैसे देता येतात. इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, राज्यशास्त्र, काही अंशी गणितसुद्धा, या विषयांत असा आधार जवळजवळ नसतो. तिथे उन्हाळ्यात वर्ग मिळाला तर भाडे निघते, नाही तर साठवलेले संपते किंवा कर्ज काढावे लागते. अमेरिकन विद्यार्थी निदान कॉफीच्या दुकानात उभा राहू शकतो. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर असलेल्याला कॅम्पसबाहेर काम करायची सरसकट मुभा नाही. अभ्यासक्रमाशी जोडलेली इंटर्नशिप मिळाली तर गोष्ट वेगळी. पण ती संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला जितकी सहज मिळते तितकी मध्ययुगीन इतिहासाच्या विद्यार्थ्याला मिळत नाही. मिशिगन विद्यापीठात २०२३ मध्ये पदव्युत्तर अध्यापकांनी मार्चअखेरीस सुरू केलेला संप ऑगस्टपर्यंत चालला, त्यात जगण्यापुरते वेतन हा कळीचा मुद्दा होता. नऊ महिन्यांच्या पगारावर बारा महिने जगायचे कसे, हा प्रश्न त्या वेतनाच्या भांडणाच्या पोटातच होता.

पैशाइतकीच महत्त्वाची गोष्ट अनुभवाची आहे. टीए वर्षभर दुसऱ्याने आखलेला अभ्यासक्रम राबवतो. कोणती पुस्तके लावायची, परीक्षा कधी घ्यायची, वर्ग कंटाळला तर काय करायचे, आणि कष्टाळू पण मागे पडणाऱ्या मुलीला शेवटी कोणती श्रेणी द्यायची, हे निर्णय त्याच्या वाट्याला येत नाहीत. प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेल्यावर मात्र पहिला प्रश्न येतो तो ‘तुम्ही स्वतंत्रपणे काय शिकवले आहे?’ असा. अनेकांच्या संपूर्ण पीएच.डी.त याचे उत्तर मिळवायची संधी उन्हाळ्यातच येते. वर्गही लहान असतो, वीस-पंचवीस मुलांचा, आणि नवा शिक्षक ज्या उमेदीने शिकवतो ती उमेद बाराव्यांदा तोच विषय शिकवणाऱ्याकडे असेलच असे नाही. पदव्युत्तर विद्यार्थी शिकवतो म्हणजे शिकवणे हलके, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

इथवर ऐकले की ही कामे विद्यार्थ्यांना द्यावीत याबद्दल शंका उरू नये. तरीही शंका आहे, आणि ती साध्या गणितातून येते.

तीन क्रेडिटचा विषय नेहमीच्या सत्रात पंधरा आठवडे, आठवड्याला तीन तास चालतो. म्हणजे एकूण ४५ तास. अमेरिकेत हा तास बहुतेक ठिकाणी ५० मिनिटांचा धरतात. क्रेडिट तेच राहायचे तर उन्हाळ्यातही तास तेवढेच भरले पाहिजेत. सत्र सहा आठवड्यांचे असेल तर आठवड्याला साडेसात तास होतात. उन्हाळ्यातला एक आठवडा म्हणजे एरवीचे अडीच आठवडे. तिसऱ्या आठवड्यात मध्यसत्र परीक्षा येऊन ठेपते. नेहमीच्या सत्रात नवख्या शिक्षकाला आपले कुठे चुकले हे कळायला महिना लागला तरी पुढे अडीच महिने हातात असतात. उन्हाळ्यात ते कळेपर्यंत दोन आठवडे उरतात. सोमवारी दिलेला गृहपाठ बुधवारी तपासून परत दिला नाही तर तपासण्याला अर्थ राहत नाही, कारण वर्ग पुढच्या प्रकरणात गेलेला असतो. एखादा मुलगा तापाने तीन दिवस पडला तर विषयाचा दहावा हिस्सा हातातून निसटतो.

थोडक्यात, शिकवायला वर्षातले सगळ्यांत अवघड सत्र आपण सगळ्यांत कमी अनुभव असलेल्या माणसाला देतो. म्हणून ते देऊ नये असा निष्कर्ष निघत नाही. पण तयारीशिवाय देऊ नये, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

शिकवण्याला खरोखर किती वेळ लागतो याचे एक माप अमेरिकी सरकारच्या नियमांतच सापडते. ओबामांच्या काळातल्या आरोग्यविमा कायद्याखाली तासिकेवर शिकवणाऱ्यांचे कामाचे तास कसे मोजायचे, असा प्रश्न आला. तेव्हा २०१४ च्या नियमांनी एक ग्राह्य पद्धत सुचवली: वर्गातल्या दर तासामागे तयारी आणि तपासणी धरून सव्वादोन तास मोजावेत, विद्यार्थ्यांना भेटण्याची ठरीव वेळ वेगळी. या हिशेबाने पंधरा आठवड्यांच्या सत्रात एका विषयाचे आठवड्याला पावणेसात तास होतात. सहा आठवड्यांच्या सत्रात तेच सुमारे १७ तास. दोन विषय घेतले तर जवळजवळ ३४. आणि हे माप अनुभवी शिक्षकाचे आहे. पहिल्यांदा शिकवणाऱ्याला प्रत्येक व्याख्यान मुळापासून उभे करावे लागते.

तरीही काही विभाग एकाच उन्हाळी सत्रात विद्यार्थ्याला दोन-दोन वर्ग देतात, आणि पैशाची नड असलेला विद्यार्थी ते आनंदाने घेतो. त्याला नको म्हणायला लावणे क्रूर वाटते. पण अशा उन्हाळ्यात प्रबंधाचे एक पानही लिहून होत नाही, आणि दोन्ही वर्गांतल्या मुलांना अर्धाच शिक्षक मिळतो. मानव्यशास्त्रांत पीएच.डी.ला सहा-सात वर्षे लागणे आता नवलाचे राहिलेले नाही. त्यातले प्रत्येक वाढीव वर्ष विद्यार्थ्याला कमाईच्या वर्षांतून द्यावे लागते. एका सत्रात एकच वर्ग, ही मर्यादा आम्हाला म्हणूनच आवश्यक वाटते. आणि ती घालायची तर त्या एका वर्गाचे मानधन जगण्यापुरते हवे, हेही ओघाने आलेच.

पात्रतेचे नियम बऱ्याच ठिकाणी कागदावर चांगले आहेत. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या विद्यापीठांना मान्यता देणारी संस्था, जिला तिथे ‘सॅक्सकॉक’ म्हणतात, तिची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की शिकवणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे त्या विषयातली मास्टर्स पदवी किंवा पदव्युत्तर पातळीचे किमान १८ क्रेडिट असावेत. त्या विषयाचा अनुभव असलेल्या प्राध्यापकाची त्याच्यावर थेट देखरेख असावी. नियमित प्रशिक्षण आणि ठरावीक काळाने मूल्यमापन व्हावे. चारही अपेक्षा रास्त आहेत. पण ज्या प्राध्यापकाने देखरेख करायची त्याचा करार मे महिन्यातच संपलेला असतो. तो जूनमध्ये कुठल्या ग्रंथालयात, परिषदेत किंवा घरी मुलांसोबत असतो, आणि तो त्याचा हक्कच आहे. मग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एखाद्या विद्यार्थ्याने नक्कल केलेला निबंध दिला, किंवा एखादी मुलगी वर्गात रडू लागली, तर पंचवीस-सव्वीस वर्षांच्या नव्या शिक्षकाने फोन कोणाला करायचा? आमच्या मते उन्हाळी नेमणुकांतला सगळ्यांत मोठा दोष हा आहे, आणि सगळ्यांत कमी चर्चा याचीच होते. देखरेख फुकट मिळत नाही. चार-पाच नवख्या शिक्षकांमागे एक अनुभवी प्राध्यापक उन्हाळ्यापुरता पगार देऊन नेमला, त्याने प्रत्येकाचा वर्ग पहिल्या दहा दिवसांत एकदा बसून पाहिला, तर निम्मे अपघात टळतील. ज्या विद्यापीठाला एवढा खर्च करायचा नाही, त्याने विद्यार्थ्यांना स्वतंत्र वर्ग देऊ नयेत.

या वादात एक तिसरा माणूस आहे, आणि त्याला विसरून केलेला कोणताही नियम न्यायाचा होणार नाही. तो म्हणजे तासिकेवर किंवा वर्षाच्या करारावर शिकवणारा अर्धवेळ व्याख्याता. त्याच्याकडे पीएच.डी. असते, दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असतो, घर-संसार असतो. नसते ती कायम जागा. उन्हाळी वर्ग त्यालाही हवे असतात. पुष्कळ विभागांत क्रम असा असतो: आधी कायम प्राध्यापक, मग उरलेले वर्ग विद्यार्थी आणि व्याख्याते यांच्यात वाटले जातात. त्या वाटणीत विद्यार्थ्याचा दर कमी असेल तर विद्यापीठाचा हात आपोआप तिकडे वळतो. विद्यार्थ्याला वाटते आपल्याला संधी मिळाली. खरे तर त्याच्या स्वस्तपणामुळे दुसऱ्याची भाकरी गेलेली असते.

आम्ही या प्रश्नावर बराच विचार केला आणि पूर्ण समाधान देणारे उत्तर आम्हाला सापडलेले नाही. जो विषय व्याख्याता वर्षानुवर्षे शिकवतो आहे, त्यावर त्याचा पहिला हक्क असावा, असे आमचे मत आहे. पण सगळेच वर्ग असे ज्येष्ठतेने वाटले तर नव्या माणसाला शिकायला जागाच उरणार नाही, आणि उद्याचा चांगला शिक्षक तयार करणे हेही विद्यापीठाचेच काम आहे. म्हणून काही वर्ग प्रशिक्षणासाठी उघडपणे राखून ठेवावेत, आणि दर एकच असावा: विषय तोच, क्रेडिट तेच, तर मानधनही तेच, शिकवणारा व्याख्याता असो की विद्यार्थी. दर सारखा झाला की स्वस्त माणूस शोधण्याचा मोह संपतो आणि कोण चांगले शिकवेल एवढाच प्रश्न उरतो.

परदेशी विद्यार्थ्यांची गुंतागुंत थोडी निराळी आहे. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. सुट्टीच्या काळात, पुढच्या सत्राला परत येणार असेल तर, पूर्णवेळही चालते. उन्हाळा त्या विद्यार्थ्यासाठी सुट्टी आहे की सत्र, हे त्याच्या नोंदणीवर आणि विद्यापीठाच्या कॅलेंडरवर ठरते. काही विद्यापीठे उन्हाळ्यात शिकवायचे असेल तर नोंदणी सक्तीची करतात, काही करत नाहीत. १७ तासांच्या वर्गात तीन-चार तास ग्रेडिंगचे किंवा प्रयोगशाळेचे काम जोडले की २० ची रेषा ओलांडली जाते, आणि ती ओलांडण्याची शिक्षा विभागाला होत नाही, विद्यार्थ्याला होते. त्याचे अमेरिकेत राहणेच धोक्यात येते.

करांचेही तसेच. विद्यापीठात शिकत असताना तिथेच काम करणाऱ्याला सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची ७.६५ टक्के कपात सहसा लागू होत नाही. उन्हाळ्यात नोंदणी नसेल तर ही सवलत जाऊ शकते. वर्गाचे मानधन समजा ५,००० डॉलर असेल तर ३८२ डॉलर तिथेच गेले. एफ-१ विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षे परदेशी नागरिक म्हणून वेगळी सूट असते, त्यामुळे त्याला हे जाणवत नाही. सहाव्या वर्षी, जेव्हा विभागाचे हमी दिलेले फंडिंगही बहुधा संपत आलेले असते, तेव्हा ते अचानक जाणवते. सवलत टिकवायला निम्म्या वेळेची नोंदणी करावी तर तिची फी कपातीहून जास्त होते. शिकवण्यासाठी नोंदणी सक्तीची करणाऱ्या विद्यापीठाने ती फी स्वतः भरावी. पगार एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने परत घेणे बरे नव्हे.

हे सगळे इतके गुंतलेले का आहे? कारण पदव्युत्तर अध्यापक विद्यार्थी की नोकरदार, हा प्रश्न अमेरिकेत पन्नास वर्षांहून अधिक काळ लोंबकळत आहे. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या टीएंनी संप करून १९७० मध्ये त्या देशातला अशा प्रकारचा पहिला सामूहिक करार मिळवला. खासगी विद्यापीठांबाबत राष्ट्रीय कामगार मंडळाने २००४ मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या प्रकरणात ‘हे विद्यार्थी आहेत’ असे म्हटले आणि २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात ‘हे नोकरदारही आहेत’ असे म्हणून तो निर्णय फिरवला. सरकारी विद्यापीठांचे कायदे राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२२ च्या अखेरीस ४८,००० शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले. नॉर्थ कॅरोलायनात सरकारी नोकरांना सामूहिक करार करायला कायद्यानेच बंदी आहे. त्यामुळे एकाच विषयाचा, एकाच वर्षातला टीए एका राज्यात रद्द झालेल्या वर्गाची भरपाई मागू शकतो आणि दुसऱ्या राज्यात विभागप्रमुखाच्या चांगुलपणावर अवलंबून राहतो.

वर्ग रद्द होणे हे उन्हाळ्याचे दुखणेच आहे. ठरावीक संख्येने मुले आली नाहीत तर सत्र सुरू व्हायच्या आठवड्यात वर्ग बंद होतो. काही ठिकाणी पूर्ण बंद न करता मुलांच्या संख्येप्रमाणे मानधन कापतात. विद्यापीठाचेही म्हणणे ऐकले पाहिजे: सहा मुलांसाठी वर्ग चालवला तर पैसे येतात कुठून? उन्हाळी सत्राने स्वतःचा खर्च स्वतः काढावा अशी बहुतेक ठिकाणी अपेक्षा असते, आणि त्याच मिळकतीवर विभाग वर्षभराचे इतर खर्च भागवतात. हे म्हणणे खोटे नाही. पण जोखीम कोणी उचलायची हा प्रश्न उरतोच. अभ्यासक्रम आखून, पुस्तके ठरवून, दुसरे काम नाकारून बसलेल्या विद्यार्थ्याने ती सगळी उचलावी, हे मान्य करता येत नाही. सत्राच्या चार आठवडे आधी वर्ग चालणार की नाही हे ठरवावे, आणि त्यानंतर रद्द झाला तर केलेल्या तयारीचे पैसे द्यावेत, एवढी मागणी माफक आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. उन्हाळी वर्ग वाटताना विभाग एकाच निर्णयात दोन कामे उरकू पाहतात. वर्गाला शिक्षक मिळवायचा आणि गरजू विद्यार्थ्याला तीन महिने जगवायचे. दोन्ही कामे चांगली आहेत, पण त्यांच्या कसोट्या वेगळ्या आहेत. शिक्षक निवडताना तयारी पाहायची असते, मदत करताना गरज. दोन्ही एकत्र आल्या की सगळ्यांत गरजू विद्यार्थ्याला, तो तयार नसला तरी, वर्ग मिळतो. किंवा तयार असलेल्याला ‘तुला गेल्या वर्षी मिळाला होता’ म्हणून डावलले जाते. किंवा मार्गदर्शकाचा शब्द जड ठरतो आणि कोणाला का मिळाला हे कधीच कळत नाही. कुजबुज इथून सुरू होते. आमचे ठाम मत आहे की या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. गरजेसाठी उन्हाळी विद्यावेतन असावे, त्यात प्रबंध लिहायची अपेक्षा असावी, शिकवण्याची नसावी. शिकवण्याची जागा मात्र नोकरीच्या जागेसारखी उघडपणे, फेब्रुवारीच्या आत, जाहीर व्हावी. ज्याने तोच विषय आधी टीए म्हणून किमान एकदा हाताळला आहे आणि ज्याची पात्रता परीक्षा झाली आहे, त्यालाच ती मिळावी. आणि निवड एकट्या मार्गदर्शकाने न करता छोट्या समितीने करावी.

यावर सरळ आक्षेप आहे: पैसे कुठून आणायचे? मोठी गंगाजळी असलेली खासगी विद्यापीठे हे करू शकतील. राज्याच्या अनुदानावर चालणाऱ्या, त्यातही सतत कपात सोसणाऱ्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे चार उन्हाळी विद्यावेतनेही नसतात. तिथे वर्ग हीच मदत आहे, आणि ती बंद केली तर मुलांना काहीच मिळणार नाही. हा आक्षेप गंभीर आहे. त्याला आमचे उत्तर एवढेच की जिथे दोन्ही वेगळे करता येत नाहीत तिथे निदान क्रम ठरवावा. आधी तयारीची रेषा. ती ओलांडणाऱ्यांमध्ये मग गरज पाहावी, पाळी पाहावी, काय वाटेल ते पाहावे. रेषेच्या अलीकडे राहिलेल्याला पैशासाठी वर्गात उभे करू नये. आणि पीएच.डी.ला जितक्या मुलांना बारा महिने सांभाळता येईल तितक्यांनाच प्रवेश द्यावा. हे कटू आहे, कारण त्याने प्रवेश कमी होतील आणि त्यात आपल्याकडच्याही काही मुलांची संधी जाईल. तरी पाच वर्षे दर उन्हाळ्यात उद्याची चिंता करायला लावण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे.

इकडे महाराष्ट्रात आपण हे तटस्थपणे पाहावे अशी आपली स्थिती नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अध्यापनाचे प्रशिक्षण आवश्यक केले आहे आणि आठवड्याला चार ते सहा तास ट्यूटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापनाचे काम त्यांना देता येईल असे म्हटले आहे. तरतूद चांगली आहे. पण तिच्यासोबत देखरेख कोणाची, मानधन किती आणि हे काम रिकाम्या पदांची भरपाई म्हणून वापरले जाणार नाही याची हमी काय, हे स्पष्ट झाले नाही तर अमेरिकेतल्या चुका आपल्याकडे अधिक गरीब स्वरूपात येतील. तासिका तत्त्वावर, सुट्टीत एक रुपयाही न मिळता, वर्षानुवर्षे शिकवणारे नेट-सेट झालेले आपले प्राध्यापक या प्रश्नाची दुसरी बाजू रोज जगत आहेत.

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या विभागांत आज मराठी प्राध्यापक आहेत. काही विभागप्रमुख आहेत, काही पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे संचालक. त्यांच्यातले पुष्कळजण कधी काळी याच उन्हाळ्यांतून गेलेले आहेत. त्यांना आमची विनंती आहे की पुढच्या उन्हाळ्याच्या वाटपाची बैठक बसेल तेव्हा नियम लेखी मागावेत: वर्ग कोणत्या निकषावर दिला, आठवड्याचे तास किती धरले, देखरेख कोणाची, रद्द झाल्यास काय. आणि जी मुले यंदा पहिल्यांदा नेमणुकीच्या पत्रावर सही करणार आहेत त्यांनी या चार गोष्टी पत्रात आहेत का ते आधी पाहावे, नसतील तर सही करण्यापूर्वी विभागाला आणि परदेशी विद्यार्थी कार्यालयाला ईमेलने विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे.